जुना राउटर नंतर बदला, आधी त्याचे दार लावा

एप्रिल २०१८ मध्ये इराण आणि रशियातील अनेक डेटा सेंटरमधले सिस्कोचे स्विच एकाएकी बंद पडले. त्यांचे कॉन्फिगरेशन पुसून टाकले होते आणि त्या जागी अमेरिकी झेंडा व निवडणुकांत ढवळाढवळ न करण्याचा दम ठेवला होता. जगभरात सुमारे २ लाख आणि इराणमध्ये ३,५०० उपकरणांना फटका बसल्याचे इराण सरकारने सांगितले. हल्लेखोर आत शिरले ते ‘स्मार्ट इन्स्टॉल’ या सोयीतून. माणूस न पाठवता नवा स्विच दुरून सुरू करता यावा म्हणून दिलेली ही सोय पासवर्डच विचारत नव्हती. कंपनीने तिच्यातल्या गंभीर दोषावरचा उपाय मार्चअखेरीस दिला होता. शिवाय बहुतेक स्विचवर ‘नो व्हीस्टॅक’ एवढी एक ओळ टाइप केली की ती सोय बंदच होत असे. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये एफबीआयला इशारा द्यावा लागला, की रशियन गुप्तचर यंत्रणेचे हॅकर आयुर्मान संपलेल्या उपकरणांत याच भगदाडातून शिरत आहेत.

यावर ठरलेले उत्तर येते: जुनी उपकरणे भंगारात काढा. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा. नगरपालिका, सहकारी बँक किंवा महाविद्यालयात एकदा बसवलेला स्विच दहा-बारा वर्षे निमूट चालतो आणि चालत्या यंत्राला निधी मिळत नाही. दुसरे असे, की नवे घेतल्याने प्रश्न मिटतोच असे नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्या चालू पिढीतील उपकरणांत १० पैकी १० तीव्रतेचा दोष सापडला, तेव्हा काही दिवसांत हजारो उपकरणे हल्लेखोरांच्या ताब्यात गेली. ती सगळी आपले व्यवस्थापनाचे वेबपान उघड्या इंटरनेटवर ठेवून बसली होती. धोका वयाने वाढतो हे खरे, पण त्याचे मूळ या उघडेपणात आहे आणि तो आजच्या आज, जवळजवळ फुकटात बंद करता येतो.

जुन्या यंत्राच्या बाबतीत हा उघडेपणा बंद करणे जास्तच निकडीचे आहे. अनेक ठिकाणी आजही दुरून प्रवेशासाठी टेलनेट चालू असते. १९८३ च्या या प्रमाणपद्धतीत काहीच सांकेतिक होत नाही. इंजिनीअर पासवर्ड टाइप करतो तेव्हा त्याचे एकेक अक्षर वाटेत ऐकणाऱ्याला जसेच्या तसे वाचता येते. आपल्याकडे जुलै २०१७ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम मालवेअरने बंद पाडले, कारण कारखान्यातून आलेला ‘अ‍ॅडमिन’ हाच पासवर्ड कायम होता आणि मोडेमपर्यंत बाहेरून पोहोचता येत होते. ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगण्यात आले. पण आपल्या मोडेमचे दार बाहेरच्या जगाला उघडे आहे, हे बिचाऱ्या ग्राहकाला कळणार कसे?

देखभाल करणाऱ्यांची तक्रारही ऐकून घ्यायला हवी. दुरून प्रवेश बंद केला तर रात्री दोन वाजता तालुक्याच्या ठिकाणी कोण धावणार? शिवाय टेलनेटऐवजी वापरायचे सांकेतिक एसएसएच जुन्या स्विचमध्ये इतके कालबाह्य असते, की नवा लॅपटॉप त्याच्याशी जोडणीच नाकारतो आणि कंटाळलेला इंजिनीअर पुन्हा टेलनेटकडे वळतो. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. मात्र त्यांचे उत्तर प्रवेश तोडणे हे नाही, प्रवेशाची वाट एकच ठेवणे हे आहे. मधोमध एक अद्ययावत संगणक ठेवावा. त्यावर व्हीपीएन आणि दुहेरी पडताळणीनेच जाता यावे. जुन्या पद्धतीची जोडणी फक्त त्याच्यापुढे, वेगळ्या व्हीलॅनमध्ये (अलग ठेवलेल्या अंतर्गत जाळ्यात) राहावी आणि स्विचने त्या एका पत्त्याखेरीज कुणालाही दाद देऊ नये. कोण कधी आत गेले, याची नोंदही मग एकाच जागी मिळते. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने संघराज्य सरकारच्या नागरी कार्यालयांना असाच आदेश दिला: व्यवस्थापनाचे दार इंटरनेटवर दिसल्यास १४ दिवसांत ते हटवा किंवा कडक पडताळणीआड न्या. उपकरण नवे की जुने, असा भेद त्यात नव्हता.

‘आमच्या छोट्या कार्यालयात चोरण्यासारखे काय आहे?’ हा आक्षेप मात्र टिकत नाही. हल्लेखोरांना बऱ्याचदा तुमची माहिती नको असते, तुमचा पत्ता हवा असतो. चीनशी संबंधित ‘व्होल्ट टायफून’ गटाने अमेरिकेवरील कारवायांसाठी आडोसा म्हणून वापरलेले, एफबीआयने जानेवारी २०२४ मध्ये उघड केलेले जाळे मुख्यतः सुधारणा बंद झालेल्या, छोट्या कार्यालयांतल्या सिस्को आणि नेटगिअर राउटरचे होते.

देखभालीच्या करारावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांनी पुढच्या नूतनीकरणात दोन अटी घालाव्यात: कोणत्याही उपकरणाचे व्यवस्थापन इंटरनेटवरून थेट दिसणार नाही, आणि हे दर तिमाहीला बाहेरून तपासून लेखी कळवले जाईल. ज्या कंत्राटदाराला हे जमत नाही, त्याच्या हाती किल्ल्या देऊ नयेत.