मोटारीची तहान आणि शेताचें पाणी

खनिज तेल हें पृथ्वीच्या पोटांतील संचित धन आहे, आणि नुसत्या खर्चाच्या संचिताला केव्हां तरी शेवट असतोच, हें आतां कोणी नाकारीत नाहीं. वाद आहे तो पुढें काय, एवढाच. आपल्या देशाला तर तो शेवटापर्यंत थांबण्याचीहि सोय नाहीं. दिग्बोईस 1889 सालीं विहीर खणण्यास प्रारंभ झाला, मुंबईच्या समुद्रांत 1974 सालीं तेल सांपडलें. तरी आज आपण वापरतों त्या कच्च्या तेलांतील शंभर भागांपैकीं पंच्याऐंशींहून अधिक भाग परदेशांतून येतात. दूरच्या आखातांत युद्धाची ठिणगी पडतांच आपल्या भाजीपाल्याचे भाव चढतात. अशा देशानें पर्याय शोधावा हें योग्यच होय. परंतु पर्याय हा शब्द ज्याच्या कपाळीं चिकटवावा तें सारें पर्याय होत नाहीं. उसाच्या रसापासून काढलेल्या मद्यार्काविषयीं, म्हणजे ज्याला सर्वजण इथेनॉल म्हणतात त्याविषयीं, आमचा हाच आक्षेप आहे.

2018 सालच्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानें पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें ध्येय 2030 सालासाठीं ठरविलें. पुढें तें अलीकडे ओढण्यांत आलें. 2022 च्या जून महिन्यांत दहा टक्के झाले, आणि 2025 सालीं वीस टक्के गांठल्याची घोषणा झाली. कारभाराच्या दृष्टीनें ही त्वरा कौतुकास्पद आहे. पण वेगाची वाहवा करण्यापूर्वीं वाट बरोबर आहे कीं नाहीं हें पाहणें शहाणपणाचें असतें.

प्रथम लाभाचें माप घेऊं. एक लिटर इथेनॉलमध्यें एक लिटर पेट्रोलच्या सुमारें दोनतृतीयांश इतकीच उष्णता असते. म्हणजे वीस टक्के मिश्रणानें पेट्रोलची बचत वीस टक्के होत नाहीं. ती तेरा-चौदा टक्क्यांच्या आसपास राहते. आतां देशांतील एकंदर खनिज तेलाच्या खपांत पेट्रोलचा वाटा जेमतेम सहावा. मालमोटारी डिझेलवर चालतात, विमानें निराळ्या तेलावर उडतात आणि चुली गॅसवर पेटतात. त्यांना या मिश्रणाचा स्पर्शहि होत नाहीं. सहाव्या भागांतील तेरा टक्के म्हणजे एकूण खपाचे शंभरांत दोन-सवादोन भाग! परकीय चलन वाचतें हें आम्हांस मान्य आहे; परंतु ज्या उपायाला देशाच्या तेलमुक्तीचा महामार्ग म्हणून मिरविण्यांत येतें तो एक पाणंद आहे, हें तरी वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां खर्च पाहूं. आणि येथें खर्च म्हणजे रुपये नव्हेत, पाणी. नीति आयोगाच्याच 2021 सालच्या अहवालांत असें नमूद आहे कीं, एक टन उसापासून सुमारें 70 लिटर इथेनॉल निघतें, आणि उसाच्या अशा एका लिटरमागें सुमारें 2,860 लिटर पाणी लागतें. टीकाकारांनीं नव्हे, धोरणाच्या शिल्पकारांनींच हा आंकडा लिहून ठेविला आहे. महाराष्ट्रांत पिकांखालील जमिनींत उसाचा वाटा अगदीं अल्प. परंतु सिंचनाच्या पाण्यांतील दोनतृतीयांशांच्या आसपास पाणी तो एकटा पितो, असें कृषि खर्च व मूल्य आयोगानें पूर्वींच दाखविलें आहे. उरलेल्या तुरीला, ज्वारीला आणि हरभऱ्याला आभाळाकडे पाहावें लागतें.

2016 चा एप्रिल महिना महाराष्ट्र विसरला असेल तर त्याची आठवण करून देणें अवश्य आहे. मांजरा धरण कोरडें पडलें होतें, आणि लातूर शहराला पिण्याचें पाणी मिरजेहून आगगाडीनें न्यावें लागलें. पहिल्या गाडीनें सुमारें पांच लाख लिटर पाणी नेलें. साऱ्या देशानें ती गाडी पाहून हळहळ व्यक्त केली. आतां वरील हिशेब तिला लावून पाहा: त्या संपूर्ण गाडीतील पाण्यानें उसाचें पावणेदोनशें लिटर इथेनॉल झालें असतें. चार मोटारींच्या टाक्या भरून थोडें उरलें असतें, इतकेंच! लातूरचा दुष्काळ केवळ उसानें आला असें आम्ही म्हणत नाहीं. त्यापूर्वींचीं दोन वर्षें पाऊसहि कमी झाला होता. पण ज्या मांजरेच्या खोऱ्यांत हें घडलें त्याच खोऱ्यांत साखर कारखाने उभे आहेत, आणि इथेनॉलच्या मागणीनें तेथील उसाला नवें अभय मिळत आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण आपण ऐकली होती. येथें तर औषध म्हणून पखालच फाडण्यांत येत आहे.

कोणी म्हणतील, ऊस नसेल तर मका आहे. खरोखरच आतां धान्यापासून निघणाऱ्या इथेनॉलचा वाटा उसाहून मोठा झाला आहे. परिणाम काय झाला? जो देश मका परदेशीं पाठवीत होता त्यालाच 2024 सालीं तो मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणावा लागला, आणि कोंबड्या पाळणारे खाद्याच्या भावाने हवालदिल झाले. उसाच्या बाबतींतहि 2023 च्या डिसेंबरांत, साखर कमी पडेल या भीतीनें, रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारलाच निर्बंध घालावे लागले. ते पुढच्या वर्षीं उठले. पाऊस रुसला कीं जो पर्याय सरकारलाच बंद करावा लागतो, त्यावर देशाचीं चाकें कशीं सोंपवावीं?

ब्राझीलचा दाखला नेहमीं पुढें करण्यांत येतो. त्या देशानें तेलाच्या पहिल्या धक्क्यानंतर 1975 सालीं हा मार्ग धरला हें खरें. परंतु तेथील ऊस बहुतांशीं पावसावर वाढतो. आमचा कालव्यावर आणि विहिरीवर. नांव एक म्हणून पीक एक होत नाहीं.

मग खरा पर्याय कोणता? तो रोज सकाळीं आपल्या डोक्यावर उगवतो. हिशेबच मांडूं. एक एकर उसांत 35 टन पीक धरलें तर 2,450 लिटर इथेनॉल होईल, आणि त्यावर एक मोटार सुमारें 25,000 किलोमीटर धांवेल. त्याच एका एकरावर सौर पट्ट्या मांडल्या तर वर्षाला तीन लाख युनिट वीज मिळते. युनिटमागें सहा किलोमीटर धरले तर विजेची मोटार अठरा लाख किलोमीटर जाईल. सत्तरपटींचा फरक! वाहतुकींत, सांठवणींत अर्धी वीज वायां गेली असें धरलें तरी फरक पस्तीसपट उरतो. शिवाय सौर पट्टीला पाणी लागतें तें धूळ पुसण्यापुरतें, आणि ती माळरानावरहि उभी राहते. धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांत 2013 पासून 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे. तेव्हां ही कविकल्पना नव्हे.

सूर्य रात्रीं मावळतो आणि पट्ट्या चीनहून येतात, हे दोन आक्षेप रास्त आहेत. पहिल्याला उत्तर सांठवणीचें. तें महाग असलें तरी अशक्य नाहीं. दुसऱ्याला उत्तर असें कीं, विकत घेतलेलें तेल एकदां जळून जातें, तर विकत घेतलेली पट्टी पंचवीस वर्षें काम देते. तेलवाल्यानें हात आखडला तर महिन्याभरांत मोटारी थांबतील. पट्टीवाल्यानें आखडला तर नवी वाढ थांबेल, जुनी वीज थांबणार नाहीं.

राहिला शेतकऱ्याचा प्रश्न, आणि तोच सर्वांत मोठा आहे. प्रवरेच्या काठीं विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनीं सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला, तेव्हां त्या उसानें कर्जबाजारी शेतकऱ्याला माणसांत आणलें, हें उपकार विसरण्याजोगे नाहींत. आजहि शेतकरी ऊस लावतो तो हट्टानें नव्हे. उसाला कायद्यानें ठरलेला दर मिळतो. तुरीला हमीभाव कागदावर असतो आणि खरेदी-केंद्र केव्हां उघडेल याची हमी कोणीच देत नाहीं. तेव्हां शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाहीं. जी खात्री उसाला दिली ती डाळीला आणि ज्वारीला द्या. पडीक जमिनीवरील सूर्यप्रकाशाचें भाडें त्याला नियमानें द्या. राज्याच्या सौर कृषि वाहिनी योजनेची सुरुवात 2017 सालीं झाली आहे, ती कागदावरून प्रत्येक गांवच्या माळावर न्या. साखर करून उरलेल्या मळीचें इथेनॉल अवश्य काढावें. तें टाकाऊंतून टिकाऊ आहे. परंतु मोटारीसाठीं म्हणून मुद्दाम ऊस लावणें, आणि तोहि दुष्काळी खोऱ्यांत, हें धोरण नव्हे. ती उधळपट्टी होय.

ताकाला जाऊन भांडें लपविण्यांत अर्थ नाहीं. इथेनॉलचें धोरण जितकें तेलाच्या संकटासाठीं आहे तितकेंच अतिरिक्त साखरेच्या आणि कारखान्यांच्या थकबाकीच्या संकटासाठीं आहे. तसें असेल तर तसें स्पष्ट बोलावें, आणि त्या संकटाला त्याचें स्वतःचें औषध द्यावें. तेल संपलें तर माणूस सूर्याकडे वळेल, वाऱ्याकडे वळेल, बैलगाडींतूनहि प्रवास करील. भूगर्भांतील पाणी संपलें तर त्याला वळण्यासाठीं दुसरी दिशा नाहीं. पाण्याला पर्याय नाहीं, आणि ज्याला पर्याय नाहीं तें पर्यायाच्या नांवाखालीं जाळणें ही चैन कोणत्याहि देशाला परवडणारी नाहीं. महाराष्ट्राला तर मुळींच नाहीं.