स्टेपनीत हवा आहे ना?



कायदा, हिंसा, मजुरी, जमिनीची मालकी हे आपल्या संपादकीयाचे नेहमीचे विषय. या वेळी मी गाडीच्या पाचव्या चाकाबद्दल लिहिते आहे. हा विषय गॅरेजवाल्यांचा वाटेल, पण तो आपल्या कामातूनच पुढे आला आहे.

आपल्या आधीच्या कार्यकर्त्या एस.टी.ने हिंडल्या. शेवटची गाडी चुकली की त्याच गावात मुक्काम. आज बऱ्याच गटांकडे एखादी जुनी जीप तरी आहे, नाहीतर कुणा कार्यकर्तीची स्वतःची छोटी गाडी कामाला येते. त्यामुळे रात्री-अपरात्री फोन आला तरी निघता येतं. मारहाण झालेल्या बाईला सरकारी दवाखान्यात न्यायचं, घराबाहेर काढलेलीला सखी केंद्रात पोचवायचं, पोटगीच्या तारखेला कोर्टात वेळेवर हजर करायचं, ही सगळी कामं चार चाकांवर चालतात. त्यातलं एक चाक बसलं की तारीख बुडते. कधी त्याहून मोठं काहीतरी बुडतं.

मागच्या हिवाळ्यात एका बाईला आणि तिच्या दोन लेकरांना घेऊन आम्ही रात्री तालुक्याकडे निघालो होतो. तिचा नवरा आणि दीर मोटरसायकलवर तिला शोधत फिरत होते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. गावापासून सातआठ किलोमीटरवर मागचं चाक बसलं. गाडी चालवणाऱ्या आमच्या ताई दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी न चुकता स्टेपनीची हवा तपासतात. त्या शांतपणे उतरल्या. मी नट सैल केले, त्यांनी जॅक लावला, आणि त्या बाईने धाकट्याला कडेवर घेऊन बॅटरी धरली. वीस-पंचवीस मिनिटांत आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मला केसवर्क शिकवलं, गटकार्य शिकवलं, अहवाल लिहायला शिकवलं. त्या रात्री उपयोगी पडलेलं शिक्षण मात्र मला ताईंनी दिलं होतं.

बसलेल्या चाकाचा विषय निघाला की हैदराबाद आठवल्याशिवाय राहत नाही. २७ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री शमशाबादच्या टोलनाक्याजवळ एका तरुण पशुवैद्यक डॉक्टरच्या स्कूटरची हवा गेली. ती मुद्दाम सोडली होती आणि मदतीच्या बहाण्याने तिला अडवलं, असं पोलिसांच्या तपासात पुढे आलं. तिच्यावर बलात्कार झाला, तिला मारून जाळलं गेलं. घरचे तक्रार द्यायला गेले तेव्हा हद्दीच्या वादात वेळ गेला आणि त्याबद्दल नंतर तीन पोलीस निलंबित झाले. तिने बहिणीऐवजी पोलिसांना फोन करायला हवा होता, असं राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री म्हणाले. पोलिसांनी बायकांसाठी सूचनांची यादी काढली. ६ डिसेंबरला चारही आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. ती चकमक खरी नव्हती, असा निष्कर्ष न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाच्या २०२२ साली खुल्या झालेल्या अहवालात आहे. खटला उभाच राहिला नाही.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगते. स्टेपनी तयार ठेवा असं मी म्हणते, ते त्या सूचनांच्या यादीत आणखी एक सूचना घालायला नव्हे. रस्ता सुरक्षित ठेवणं हे सरकारचं आणि पोलिसांचं काम आहे. बाईच्या गाडीत स्टेपनी नव्हती म्हणून गुन्हा करणाऱ्याचा गुन्हा तसूभरही कमी होत नाही. पण रात्री रस्त्यावर असण्याचा आपला हक्क आपल्याला वापरायचा आहे, आणि वापरायचा तर त्याची साधनंही आपल्याच हातात हवीत. चाक बसल्यावर पहिल्या थांबणाऱ्या माणसावर विसंबायचं की नाही, हे ठरवायची मोकळीक स्टेपनी देते.

आता या शब्दाबद्दल थोडं. वेल्समधल्या लानेली गावी स्टेपनी स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंचं दुकान होतं. तेव्हाच्या मोटारींना जादा चाक नसे. वाटेत टायर फुटला की तिथेच बसून दुरुस्ती करावी लागे. त्यांनी १९०४ साली एक तोड काढली : आरे नसलेली धाव, तिच्यावर फुगवलेला टायर, आणि ती बसलेल्या चाकाला अडकवायची सोय. रस्त्याचं नाव त्या चाकाला मिळालं. ब्रिटनमध्ये तो शब्द मागे पडला, आपल्याकडे टिकला. टिकला तो कसा, तेही बघा. लग्नाबाहेरच्या बाईला 'स्टेपनी' म्हणतात आणि पारावर हशा पिकतो. गरज पडली की काढायची, एरवी डिकीत टाकायची, असं बाईबद्दल मनात असतं तेच या विनोदातून बाहेर पडतं. आपल्या बैठकीत, आपल्या गाडीत कुणी हा शब्द बाईसाठी वापरला तर हसून सोडू नका. तो शब्द चाकाचा आहे, चाकालाच राहू द्या.

स्टेपनी असणं वेगळं आणि तयार असणं वेगळं. वापर नसला तरी तिची हवा हळूहळू कमी होत असते. इतर चारांबरोबर महिन्यातून एकदा तिचीही हवा तपासा. दाब किती हवा ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. नुसतं पडून राहिलं तरी रबर जुनं होतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर समजायचा. स्टेपनी लावून घरी आलात की पंक्चर त्याच दिवशी काढून आणा, नाहीतर दुसऱ्या पंक्चरला हाती काहीच नसतं. जॅक, पाना, बॅटरी, चाकामागे लावायला दगड किंवा लाकडी ठोकळा आणि लाल त्रिकोण हे सगळं जागच्या जागी आहे ना, तेही पाहा.

"नट आम्हाला हलत नाहीत," असं शिबिरात बायका सांगतात. टायरवाला यंत्राने नट आवळतो, ते पुरुषांनाही सहज हलत नाहीत. त्याला शेवटचे आटे हाताने आवळायला सांगा. पान्याच्या दांड्यावर दीड-दोन फुटांचा लोखंडी पाइप चढवला की निम्म्या जोरात काम होतं. पहारीने दगड उचकटणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळं शिकवायला नको. गाडी सपाट, टणक जागी घ्या. तिथवर हळू नेताना टायर खराब झाला तर होऊ द्या. हँडब्रेक ओढा, सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून दूर उभं करा, त्रिकोण बराच मागे ठेवा. नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा आणि मग गाडी उचला. बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा, गाडी खाली घेतल्यावर पुन्हा एकदा आवळा. उचललेल्या गाडीखाली शिरू नका. जागा धोक्याची वाटली तर गाडीचं काम राहू द्या आणि ११२ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही आहे.

नवी गाडी घेणाऱ्या गटांनी आणखी एक बघावं. जुलै २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर छोट्या प्रवासी गाड्यांना आता स्टेपनीची सक्ती नाही. किटने खिळ्याचं भोक बुजतं, बाजूने फाटलेला टायर सांधत नाही. आपले रस्ते कसे आहेत ते आपल्याला माहीत आहे, तेव्हा स्टेपनी मागून घ्या. डिकीत सी.एन.जी.ची टाकी बसवली असेल तर स्टेपनी कुठे गेली तेही विचारा.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे काम संघटनेचं आहे, एकट्या ड्रायव्हरचं नव्हे. हिशेबाची वही जशी नावानिशी कुणाकडे तरी असते, तशी गाडीची वहीही असू द्या. अंदाजपत्रकात टायरचे पैसे धरा. निधी देणाऱ्यांना 'प्रशिक्षण' या शब्दात चाक बदलणंही बसतं हे समजावून सांगा. आणि येत्या ८ मार्चला पाककलेच्या स्पर्धेऐवजी मैदानात एक जीप उभी करा. साडी, सलवार, नऊवारी, ज्या कपड्यात रोज काम करता त्याच कपड्यात प्रत्येकीने एकदा चाक काढून बसवावं.

कोणत्या गटात किती जणी शिकल्या, कुठे काय अडलं, ते आम्हाला लिहून कळवा. पत्रं पुढच्या अंकात छापू. तोवर उद्या सकाळी कार्यालयात गेलात की आधी डिकी उघडून बघा.