जुळवलेलं रीडिंग

अमरावती असो की अकोला, सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर चित्र एकच. एक जर्नल दहा खोल्या फिरतं. ग्राफ आधी, रीडिंग मागून! ‘काहून टेन्शन घेतं बे, आन्सर येऊन राह्यलं ना!’

आता जिनेव्हाजवळच्या सर्नचं पाहा. तिथे २७ किलोमीटरच्या वर्तुळात प्रोटॉनची टक्कर घडवून नवे कण शोधतात. तिथल्या सीएमएस प्रयोगात मुंबईच्या टीआयएफआरचे शास्त्रज्ञही आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये सीएमएस आणि अ‍ॅटलास, दोन्ही प्रयोगांच्या ग्राफमध्ये ७५० जीईव्हीजवळ उंचवटा दिसला. नवा कण की काय? जगभरातून शेकडो शोधनिबंध निघाले. ऑगस्ट २०१६ पर्यंत आणखी डेटा जमला आणि उंचवटा गायब! दोन्ही गटांनी ते जाहीर सांगून टाकलं.

याला कुणी फजिती म्हणेल. माझ्या मते विज्ञान म्हणतात ते हेच. जुळवलेल्या रीडिंगमधून पुस्तकातलंच उत्तर निघणार. नवं काही सापडलंच तर ते न जुळणाऱ्या रीडिंगमध्ये सापडेल, आणि तेही पुन्हा पुन्हा तपासून. म्हणून मित्रांनो, आलेलं रीडिंगच लिहा. आणि सरांनीही त्यावर लाल रेघ मारण्याआधी ‘असं का आलं?’ एवढं विचारावं. मार्क त्या उत्तराला द्यावेत.