फुकट म्हणजे कच्चं?

तर मंडळी, नगरात भाच्याला एका क्लासवाल्याने ऐकवलं, "गेम बनवायचाय? आधी महागडं सॉफ्टवेअर घ्यावं लागेल." साफ खोटं! गोडो २०१४ पासून सोर्सकोडसकट मोकळं आहे. चित्रांना क्रिटा, थ्रीडीला ब्लेंडर. पण फुकट म्हणजे कच्चं, हा आपला लाडका समज (ताईचासुद्धा!).

उलट सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने ठराविक मर्यादेपुढे दर इन्स्टॉलमागे फी जाहीर केली. वर्षाने रद्द केली, पण तोवर गेमवाल्यांची झोप उडालीच ना? गोडोचा एमआयटी परवाना असा रातोरात फिरवता येत नाही.

भाच्याने सुट्टीत आपला भुईकोट उभा केलाय. १५९६ मध्ये मुघलांच्या सुरुंगाने पडलेलं खिंडार चांदबिबी रात्रीत बुजवून घेते, तो प्रसंग. तट अजून अधूनमधून हवेत तरंगतो... काम चालू आहे.