सही कुणाची?

बालमित्रांनो, चित्र पूर्ण झालं की तुम्ही सगळ्यांत आधी काय करता? बरोब्बर! खाली कोपऱ्यात झोकात सही ठोकता. आज या सहीचीच गोष्ट सांगते.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत बाल आनंद मेळावा भरला. कुणी भेळ मांडली, कुणी परसातली मेथी आणली. चौथीतल्या एका मुलाने चक्क चित्रांचं दुकान थाटलं. डोरेमॉनचं सुरेख चित्र, त्याच्या दहा रंगीत झेरॉक्स आणि प्रत्येकीखाली त्याची सही. "सही चांगली मोठी कर रे," असं मीच त्याला सांगितलं होतं. तेवढ्यात पहिलीतली एक चिमुरडी म्हणाली, "बाई, डोरेमॉन यानं कुठं बनवलाय? मग सही याची कशी?" मुलाचं तोंड एवढंसं झालं. खरं सांगू? माझंही! चूक माझी होती, हे मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. मग आम्ही मिळून माहिती शोधायला बसलो.

चित्रांच्या छापील प्रती विकण्याची रीत जपानमध्ये फार जुनी. होकुसाई या चित्रकाराने १८३१ च्या सुमारास समुद्राच्या मोठ्या लाटेचं चित्र काढलं. कारागिरांनी ते लाकडी ठोकळ्यांवर कोरलं, छापणाऱ्यांनी कागदावर उमटवलं, आणि साध्या माणसालाही परवडेल अशा किमतीत ते विकलं गेलं. वरच्या डाव्या बाजूला होकुसाईची सही आहे. पण तीसुद्धा ठोकळ्यातच कोरलेली!

आता ॲनिमे म्हणजे जपानी कार्टूनपटांकडे येऊ. टोकियोत डिसेंबर १९७५ मध्ये 'कॉमिक मार्केट' नावाची एक जत्रा सुरू झाली. पहिल्या खेपेला विकणाऱ्यांचे ३२ गट आणि सुमारे ७०० माणसं. पुढे ती इतकी वाढली, की लाखोंची गर्दी होऊ लागली. हौशी कलाकार स्वतः छापलेल्या पुस्तिका आणि चित्रं तिथं स्वतःच विकतात. त्यातली पुष्कळशी आवडत्या पात्रांवर बेतलेली असतात. मूळ निर्माते बऱ्याचदा कानाडोळा करतात. पण मुलांनो, कानाडोळा म्हणजे परवानगी नव्हे! 'क्लॅम्प' हा चित्रकर्तींचा गट १९८० नंतरच्या दशकात अशाच हौशी पुस्तिका काढायचा. पुढे त्यांनी स्वतःची पात्रं घडवली. 'कार्डकॅप्टर साकुरा' (१९९६) ही त्यांचीच.

म्हणजे काय, तर टपोरे डोळे, टोकदार केस ही झाली धाटणी. ती कुणा एकाच्या मालकीची नसते, खुशाल शिका. पण डोरेमॉन हे पात्र फुजिको एफ. फुजिओ यांचं. ते १९९६ मध्ये वारले. आपल्या कायद्यात चित्रावरचा हक्क साधारणपणे चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो. वहीत सरावाला डोरेमॉन काढा, विकायला मात्र परवानगी हवी. होकुसाई तर १८४९ मध्येच गेले, त्यामुळे त्यांची लाट आता सगळ्यांची!

आणखी एक गंमत कळली. छापील चित्रावर चित्रकार पुष्कळदा पेन्सिलीने सही करतात. म्हणजे ती छापलेली नाही, हाताची आहे, हे लगेच ओळखू येतं. डावीकडे '३/१०' असा आकडा असतो. हा अपूर्णांक नाही बरं का! दहा प्रतींपैकी ही तिसरी, असा त्याचा अर्थ. दहा लिहिलं की अकरावी काढायची नाही.

यंदा तोच मुलगा पुन्हा मेळाव्यात बसला. या वेळी चित्रात होती त्याची आजी! ॲनिमेसारखे चमकदार डोळे, वाऱ्यावर उडणारा पदर आणि मागे शेळ्यांची पळापळ. जाड कागदावर दहा प्रती काढल्या, प्रत्येकी १५ रुपये खर्च. विकल्या २५ रुपयांना. तासाभरात सगळ्या संपल्या! शंभर रुपये सुटले. पण त्यामागे चार संध्याकाळची मेहनत होती, हेही हिशोबात धरा.

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. "मलाही एक दे की. अजून एक झेरॉक्स काढायला कितीसा वेळ?"

मुलगा घुटमळला. हातात येणारे २५ रुपये, समोर साक्षात मोठे सर! मी काहीच बोलले नाही. शेवटी तो हळूच म्हणाला, "सर, खाली दहा लिहिलंय. तुमच्यासाठी दुसरं नवीन चित्र काढतो."

सरांनी त्याची पाठ थोपटली. आणि मला तेव्हा कळलं, की सही म्हणजे नुसतं नाव नाही, तो दिलेला शब्द असतो.

आता तुमचं काम. घरातलं किंवा गल्लीतलं एक माणूस निवडा, त्याला तुमच्या आवडत्या धाटणीत काढा. आधी त्या माणसाला विचारा हं! आणि मग खाली सही करा, अगदी ताठ मानेनं.

तुमच्या बाई