उद्या भिगवण, आज बॅग

शनिवार, रात्रीचे साडेअकरा. पलंगावर तीन लेन्सेस मांडून मी इंडियाची टीम निवडायला बसल्यासारखा बसलोय. पहाटे चारला निघायचंय. सोलापूर रोडने साधारण शंभर किलोमीटर, उजेडायच्या आत कुंभारगावच्या काठावर. उजनीच्या बॅकवॉटरमध्ये हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. फ्लेमिंगो हो! ‘रोहित’ म्हटलं की ऑफिसात सगळे शर्माचीच आठवण काढतात.

‘तीनच तर आहेत, सगळ्या घेऊन जा ना!’ असं तुम्ही म्हणाल. मागच्या वर्षी मी तेच केलं. हलत्या नावेत लेन्स बदलायला घेतली. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात लेन्स, दातांत झाकण, आणि नेमका त्याच क्षणी अख्खा थवा उडाला. पंखांखालचा तो लाल-काळा रंग मी तोंडात प्लॅस्टिक धरून पाहिला. वर वाऱ्याने सेन्सरवर धूळ बसली, ती पुढच्या प्रत्येक फोटोच्या आभाळात ठिपका होऊन आली. तेव्हापासून नियम केलाय, एका नावेला एकच लेन्स.

मग कुठली? पाठ्यपुस्तकी उत्तर सोपं आहे, ७०-३००. रोहित उथळ पाण्यात उभे असतात आणि नाव फार जवळ नेली की उठतात. त्यांना उठवून फोटो काढणं हा चक्क आगाऊपणा, तेव्हा लांबूनच काढायचे. माझ्या जुन्या क्रॉप सेन्सरच्या डीएसएलआरवर ३०० म्हणजे ४५० सारखं दिसतं. ट्रायपॉड घरीच ठेवा, नावच डुलते तिथे तो काय करणार! स्टॅबिलायझरवरही फार विसंबू नका. तो तुमचा हात सांभाळतो, पक्ष्याचे पंख नाही. शटर १/१००० ठेवायचं, आयएसओ वाढला तर वाढू द्यायचा.

एवढं सगळं ठरलेलं असताना झोप का येत नाहीये? कारण बाबा.

मागच्या वर्षीही ते होते. सहाशेच्या वर फोटो घेऊन घरी आलो आणि आईने विचारलं, ‘ह्यांचा एकही नाही?’ नव्हता. ७०-३०० ला फोकस करायला निदान दीड मीटर अंतर लागतं, आणि बाबा माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. हे आपलं टेक्निकल कारण. खरं कारण, मी तिकडे बघितलंच नव्हतं.

मी बोट दाखवलं की ‘हो हो, दिसतायत’ म्हणत होते. पुढे मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, बराच पिकलाय. म्हणजे तेव्हा त्यांना दिसला असेल तो फार तर एक गुलाबी डाग. पोराचा विरस नको म्हणून दिवसभर हो हो केलं. आता दोन्ही डोळ्यांत नवी लेन्स आहे, फिक्स, लांबचं बघायची. जवळचं वाचायला चष्मा. ‘तुझ्यापेक्षा भारी लेन्स आहे माझी,’ असं ते सोसायटीभर सांगत फिरतात.

उद्या थवा उडेल तेव्हा ते तो पहिल्यांदा नीट बघणार. मला तोच चेहरा हवाय, आणि पंख नि चेहरा दोन्ही एकाच क्षणाला. १८-५५ मध्ये दोन्ही मावलं असतं, पण पहाटेच्या उजेडात तिचं एफ ५.६ पुरत नाही. ५० एमएमची ती छोटी, स्वस्तातली एफ १.८ तिच्या जवळपास दहापट प्रकाश घेते. क्रॉपवर ती ७५ सारखी, चेहऱ्याला अगदी बेस्ट.

तर ५० कॅमेऱ्यावर चढली. ७०-३०० डिकीत राहील, परत काठावर आल्यावर काय मिळेल ते. १८-५५ कपाटात. मी नावेच्या टोकाला, पक्ष्यांकडे पाठ करून बसणार. नावाडी मला वेड्यात काढेल, काढू दे.

आत्ताच बाबा दारात डोकावून गेले. ‘अरे, ती मोठी नळी घेतलीस ना?’

‘घेतली, बाबा. झोपा आता.’

‘आणि तिकडे चिलापी खायची हां. मागच्या वेळी काटे दिसत नव्हते म्हणून नको म्हटलं होतं.’