साथ कोण कोणाला करतंय?

‘व्हायोलिन सोनाटा’ हे नाव मोडीत काढा. कोणत्याही म्युझिक ॲपवर मोत्सार्टचा ई मायनर सोनाटा, के. ३०४, शोधून बघा. व्हायोलिनवाल्याचा मोठा फोटो, त्याचं ठळक नाव, आणि पियानो वाजवणारी व्यक्ती कोण हे कळायला चार वेळा टॅप करायचं. कार्यक्रमाच्या पोस्टरवरही तेच. वर एखादा जाणकार पियानिस्टला ‘साथीदार’ म्हणतो.

हा सोनाटा १७७८ साली पॅरिसमध्ये सहा सोनाटांच्या संचात छापला गेला. मुखपृष्ठावर काय होतं? हार्पसिकॉर्ड किंवा पियानोसाठी सोनाटा, व्हायोलिनच्या साथीसह! म्हणजे साथीला व्हायोलिन. बेथोव्हेनच्या ‘क्रॉइत्झर’मध्ये व्हायोलिनला एवढं काम आहे की बोटं दुखावीत, तरी १८०५च्या छापील प्रतीत आधी पियानो आणि मग ‘अनिवार्य’ व्हायोलिन. त्यानंतर ऐंशीएक वर्षांनी फ्रांक, १८८६: पियानो आणि व्हायोलिनसाठी. क्रम उलटा केला तो नंतरच्या स्टार-पूजेनं.

आणि पियानोवर बसायचं कोण? खुद्द रचनाकार. २९ एप्रिल १७८४ला व्हिएन्नात रेजिना स्त्रिनासाकी या व्हायोलिनवादक बाईंबरोबर के. ४५४ वाजवला, तेव्हा पियानोवर मोत्सार्ट होता. त्याला व्हायोलिनही उत्तम यायचं. हा गृहस्थ स्वतःसाठी दुय्यम काम लिहून ठेवेल?

आपल्याकडे तर गोंधळ अजूनच सोपा आहे. गायक मध्ये, पेटीवाले बाजूला, हे चित्र डोक्यात पक्कं. मग जो उभा आहे तो गायक आणि जो बसलाय तो पेटीवाला, असा हिशोब आपण परस्पर लावून टाकतो. (पेटीवाल्यांवर यात किती अन्याय होतो, तो वेगळा लेख.)

“नावात काय आहे?” असं म्हणणारे भेटतातच. नावाप्रमाणे कान वळतात, साहेब. नावाप्रमाणे माइक लागतात. रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन कानाशी आणि पियानो शेजारच्या खोलीत, असं ऐकलं नाहीत का कधी? त्यात फोनचा स्पीकर डाव्या हाताचा खर्ज गिळून टाकतो, आणि उरते ती रीलवर टाकण्यालायक गोड सुरावट.

एक आक्षेप मात्र खरा आहे. मोत्सार्टचा पियानो हलका, लाकडी चौकटीचा होता. आजचा लोखंडी चौकटीचा ग्रँड व्हायोलिनला सहज बुडवू शकतो. म्हणून त्याचं झाकण अर्धवट मिटून ठेवतात. पण तोल सांभाळणं हे पियानिस्टच्या बोटांचं काम आहे, झाकणाचं नव्हे. उघडा ते.

के. ३०४ची सुरुवातच बघा: दोन्ही वाद्यं एकच सुरावट एकत्र, हळू आवाजात वाजवतात. कोण पुढे, कोण मागे? दुसऱ्या भागाची धून आधी पियानो एकटा मांडतो, मग व्हायोलिन ती उचलतं. त्याच भागात मध्येच ई मेजर येतं, सगळ्या सोनाटातली सगळ्यात हळवी जागा, आणि तिथेही आधी पियानो एकटाच असतो. हेडफोन लावून एखादा व्हिडिओ काढा आणि त्या जागेपर्यंत जा. कॅमेरा त्या वेळी कोणाच्या चेहऱ्यावर आहे, तेवढं बघा.